धुऱ्यावरचा व्हिडिओ

गजेंद्रने गोकुळला शर्टाच्या गळ्याला धरून काउंटरवरून अलीकडे ओढलं, तेव्हा गोकुळच्या पायाच्या झटक्याने कॉम्प्युटरजवळचे दोन्ही स्पीकर खाली आदळले आणि काउंटरच्या काचेला आडवा तडा गेला. काचेखाली मांडलेली मोबाइलची रंगीत कव्हरं मात्र तशीच रांगेत राहिली.

रिचार्ज करायला आलेली दोन माणसं पायरी उतरून गेली. मेहकरच्या बसस्टँडसमोरचं ते दुकान. भर दुपारी बाहेर गाड्यांचा आणि रसवंतीच्या घुंगरांचा इतका गलका होता की आतला आवाज रस्त्यापर्यंत पोचला नाही.

“हे कार्ड तूच देल्लं होतं ना बे?”

गजेंद्रने त्याला भिंतीला दाबून धरलं होतं. दुसऱ्या हाताच्या चिमटीत नखाएवढं काळं मेमरी कार्ड होतं. ते त्याने गोकुळच्या डोळ्याला जवळजवळ टेकवलं.

“माह्याकडचंच असंल, गजाभाऊ. पण झालं काय?”

“उघडत नाही. नाव दिसते, व्हिडिओ चालत नाही. याच्यात माह्या भावाचा खून हाये.”

दारात सुचिता उभी होती, गजेंद्रची बायको. तिने पदर डोक्यावरून डाव्या गालावर ओढून घेतला होता. पदराखालची सूज सकाळची होती. गोकुळने तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

हरभरा घाट्यावर आला होता तेव्हाची गोष्ट. गजेंद्र आणि त्याचा थोरला भाऊ मोतीराम यांच्या वावराला लागून त्यांच्या चुलत्याचं, नारायणरावांचं वावर होतं. मधला धुरा, म्हणजे बांध, कोणी किती कोरला यावरून दोन्ही घरांत जुनी कुरबुर होती. त्या सकाळी नारायणरावांच्या मुलाने, गोपालने, धुऱ्यावरची बाभूळ तोडायला घेतली आणि गोष्ट शिव्यांवरून काठ्यांवर गेली. मोतीरामच्या कानाच्या वर घाव बसला. अकोल्याच्या दवाखान्यात शुद्धीवर न येताच तो गेला. पण खाली पडण्याआधी तो ओरडला होता, आणि आजूबाजूच्या वावरांतल्या लोकांनी ते ऐकलं होतं. “गोपालनं मारलं रे मले! गोपालनं!” त्या ओरडण्यावर गोपाल बुलढाण्याच्या जेलमध्ये होता; त्याने आणि त्याच्या बापाने कितीही नाकारलं तरी मरणाऱ्याच्या शब्दापुढे ते कोणी धरलं नाही. आता त्याच्या जामिनाची तारीख जवळ आली होती, आणि वकिलाने गजेंद्रला सांगितलं होतं की नुसत्या ओरडण्यावर माणूस फार काळ आत राहत नाही, आणखी काही असेल तर आणा.

सुचिताने त्या दिवशी मोबाइलचा कॅमेरा उघडून धरला होता, हे गजेंद्रला आठवत होतं. पण मोबाइल कोणाच्या तरी पायाखाली चेंदला गेला, काहीच निघालं नाही, असं तिने पोलिसांना सांगितलं, त्यालाही सांगितलं. आणि आज सकाळी तिची गोधडी उन्हात टाकताना त्याच्या बोटाला कडेच्या शिवणीत काहीतरी टणक लागलं होतं.

“हे इकडे आण,” गोकुळ म्हणाला. “पाहू तर दे मले.”

गजेंद्रने पकड सोडली. गोकुळने कार्ड उलटं केलं, उजेडाकडे धरलं, नखाने त्यावरची अक्षरं खरवडली. अक्षरांचा रंग नखाला लागला. त्याने पटकन नख पँटला पुसलं.

“काय झालं?”

“काही नाही. भाऊ, कार्डाकार्डात फरक राह्यते. जुने साधे मोबाइल होते ना, त्याले दोन जीबीवरचं चालत नव्हतं. मंग बत्तीसपर्यंतचे आले, त्याच्यावर एचसी लिवेल राह्यते. चौसष्ट आन त्याच्यावरच्याले एक्ससी. मंग हा गोलातला आकडा, हा वेग. व्हिडिओ काढाचा तं दहाचं लागते, चारचं असलं तं मधातच अडकते. कॅमेऱ्याचं तं अजून येगळं, दिवसरात्र लिवलं तरी...”

“मले शाळा शिकवून राह्यला का बे? हे कोणतं हाये?”

गोकुळने कार्डाची वरची बाजू त्याच्याकडे केली.

“वर चौसष्ट लिवेल हाये.”

“आन आतमधी?”

“आतमधी आठ असंल. हे असे येतात, भाऊ. थैलीनं येतात, पाकीट येगळं येते. मोबाइललेही चौसष्टच दिसते. गाणे, फोटो टाकत गेलं की आठ भरतात, आन मंग नवीन जे येते ते जुन्यावरच बसत जाते. सगळा घोळ होते. कोणतं कुठी हाये ते कार्डालेच समजत नाही.”

“तुले माहीत होतं?”

गोकुळने कार्ड काउंटरवर ठेवलं. गजेंद्रची मूठ त्याच्या तोंडावर बसली. तो मागे रॅकवर गेला, चार्जरच्या पेट्या त्याच्या अंगावर कोसळल्या. दुसरा ठोसा बरगडीत बसला. गोकुळ खाली बसला आणि हात डोक्यावर घेऊन म्हणाला,

“सगळ्याईलेच माहीत राह्यते, भाऊ. लोकं सस्तं मागतात.”

त्याच्या ओठातून रक्त हनुवटीवर आलं होतं. गजेंद्रने लाथ उगारली. सुचिता पायरी चढून आत आली.

“त्याले मारून काय होते? नाही निघत तं राहू द्या ना. घरी चला.”

गजेंद्र वळला. वळता वळता त्याचा उलटा हात तिच्या कानशिलावर बसला. ती काउंटरला धडकली. तडा गेलेल्या काचेचा एक तुकडा निसटून आत पडला.

“तुले काऊन नाही पाह्यजे? आं? भाऊ मेला माहा, आन तू गोधडीत शिवून झोपते! गोप्याले वाचवाचं होतं ना तुले? काय लागते गोप्या तुहा?”

तिने काउंटरला धरून पदर सावरला. सकाळी त्याने हाच प्रश्न विचारत तिला ओसरीवरून न्हाणीपर्यंत मारत नेलं होतं, आणि वहिनी, मोतीरामची विधवा पुष्पाबाई, मध्ये पडली म्हणून तो थांबला होता. त्या मारात सुचिता एकदाच बोलली होती. “तुमाले समजत नाही,” एवढंच.

“भाऊ,” गोकुळ खालूनच म्हणाला, “निघू शकते. नाही म्हणत नाही मी. व्हिडिओ शेवटचा असंल तं बाकीच्याईवर तोच बसेल असंल. बाईले मारू नको. मी पाहतो.”

त्याने उठून बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, शर्टाला पुसलं आणि खुर्चीत बसला. शटर अर्धं खाली ओढून गजेंद्र त्याच्या पाठीमागे उभा राहिला. सुचिता ग्राहकांच्या स्टुलावर बसली. तिने हात मांडीवर ठेवले होते आणि ती पडद्याकडे न पाहता शटरखालून दिसणाऱ्या रस्त्याच्या पट्टीकडे, येणाऱ्याजाणाऱ्या पायांकडे पाहत होती.

कॉम्प्युटरवर एक हिरवी रेघ हळूहळू सरकत होती. खाली एकेक फोटो उमटायला लागला. बहुतेक फाटलेले होते. वरचा भाग ठीक, खाली करडे पट्टे. हिवरा आश्रमाच्या यात्रेतला पाळणा. कोणाच्या तरी लग्नातलं जेवणाचं ताट. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगाला बेगड लावणारा मोतीराम, छातीपर्यंतच. पुढे बैलही नाही आणि शिंगही नाही, नुसते पट्टे. गजेंद्रने गोकुळच्या खुर्चीची पाठ धरली.

“दादा,” तो म्हणाला, कोणालाच नाही.

मग गोकुळने माऊस थांबवला.

“हे पाहा. लांब हाये. याच्यावर काही बसेल नाही.”

“लाव.”

“अहो,” सुचिता म्हणाली. ती उभी राहिली होती. “एक डाव माह्यं ऐका. लावू नका.”

“गप बस.”

“मी पाया पडते तुमच्या.”

गजेंद्रने तिच्याकडे पाहिलंही नाही. गोकुळने बटण दाबलं.

आवाज नव्हता. स्पीकर फरशीवर पडलेले होते. पडद्यावर आधी हरभऱ्याची झाडं दिसली, मग आभाळ, मग सुचिताचं चप्पल घातलेलं पाऊल. मग चित्र स्थिर झालं. अर्धी तुटलेली बाभूळ. तिच्या बुडाशी नारायणराव, हातात काठी. ते मोतीरामच्या खांद्यावर काठी मारत होते आणि मोतीराम ती हाताने अडवत होता. अडवता अडवता तो मागे हात करून कोणाला तरी थांबवत होता. गोपालच्या हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा होता. तो तोंड वाकडं करून काहीतरी ओरडत होता.

पडद्याच्या डावीकडून गजेंद्र धावत आला. बंडीची उभारी, बैलगाडीच्या कडेला उभा लावतात तो जाड दांडा, त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती.

“हा मी,” दुकानातला गजेंद्र म्हणाला.

पडद्यावरच्या गजेंद्रने गोपालवर उभारी फिरवली. गोपाल खाली वाकला. त्याच वेळी दोघांना दूर करायला मोतीराम हात पसरून मध्ये आला होता. उभारी त्याच्या कानाच्या वर बसली. त्या झोकाने गजेंद्रचा तोल गेला आणि तो पुढे ढेकळांत तोंडावर पडला.

गोकुळचा श्वास मोठ्याने ऐकू आला.

मोतीराम पडला नव्हता. त्याने हात डोक्याला लावला, समोर धरून पाहिला. मग वळून मागे पाहिलं. ढेकळांतून उठायला धडपडणारा धाकटा भाऊ, त्याच्या मुठीतली उभारी. तो पाहत राहिला. रक्त गळ्यापर्यंत येईस्तोवर तो नुसता पाहत राहिला. मग त्याने हात लांब करून गोपालकडे बोट केलं आणि मान वर करून तोंड उघडलं.

ते शब्द ऐकायला गजेंद्रला आवाजाची गरज नव्हती. डोळ्यांत माती गेलेली असताना, ढेकळांत पडल्या पडल्या त्याने ते ऐकले होते. पोलिसांना सांगितले होते, वकिलाला सांगितले होते, भावाच्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला सांगितले होते. उभारी कशावर तरी बसली हे त्याच्या हातांना माहीत होतं. गोपालच्या खांद्यावर बसली असणार, असं तो धरून चालला होता. गोपालच्या खांद्यावर वळ कसा नाही, असं पोलिसांनी एकदा विचारलं, तेव्हा त्याने हात उडवले होते. उभारी अजून बंडीलाच लावलेली होती. कालच त्याने त्या बंडीतून गुरांसाठी कुटार, हरभऱ्याचा भुसा, आणलं होतं.

पडद्यावर मोतीराम दोन पावलं गजेंद्रकडे आला, वाकला. त्याचे ओठ पुन्हा हलले, थोडेसेच. मग तो गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. चित्र गरकन फिरलं. आभाळ. कोणाचा तरी पाय. मग काही नाही.

गोकुळने खुर्ची मागे सरकवली नाही. वळूनही पाहिलं नाही.

“अजून एकदा लाव,” गजेंद्र म्हणाला.

गोकुळने लावलं. संपल्यावर गजेंद्रने पुन्हा लावायला सांगितलं. या खेपेला मोतीराम मागे वळून पाहतो तिथे त्याने गोकुळच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गोकुळने ते तिथे थांबवलं. रक्ताने डावा डोळा मिटलेला मोतीराम दुकानातल्या तिघांकडे पाहत होता.

“खाली वाकून काय बोलला तो?”

“मले आयकू नाही आलं,” सुचिता म्हणाली. “मी दूर होती.”

“हेडफोन लावून पाहाचं का, भाऊ?” गोकुळने हळूच विचारलं. त्याने खोक्यातून एक वायर काढलीही.

“नको.” गजेंद्रने ती वायर त्याच्या हातातून घेतली आणि काउंटरवर ठेवली. “नको मले.”

तो पेट्यांच्या ढिगाऱ्याशेजारी फरशीवर बसला. बराच वेळ त्याने आपले हात उलटेपालटे करून पाहिले. बाहेर शेगावच्या गाडीचा पुकारा झाला.

“तुले माहीत होतं.”

“हाव.”

“तेव्हापासून?”

“मोबाइल माह्याच हातात होता ना.”

“आन सकाळी मी इतका... गोप्याचं नाव घेऊन घेऊन मारलं तुले. तरी नाही बोलली.”

“काय बोलू? तुमी भावाले मारलं म्हणू?” सुचिताचा आवाज चढला नाही. “दादांनी सगळ्या गावासमोर सांगतलं, गोपालनं मारलं. त्याईनं जे झाकलं ते मी कशी उघडू? फेकून द्याले गेली होती मी. विहिरीच्या काठापर्यंत गेली. तिथी मंजुश्री धुणं धूत होती, गोपालची बायको. लेकरू मांडीवर घेऊन धुणं धूत होती. मंग नाही फेकल्या गेलं माह्याच्यानं.”

गजेंद्रने डोकं भिंतीला टेकवलं. त्याच्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. मार बसल्यावर जनावराच्या छातीतून निघतो तसा होता. सुचिता जागची हलली नाही. तिने त्याला हात लावला नाही.

थोड्या वेळाने गोकुळ खुर्चीतून अर्धवट वळला.

“गजाभाऊ. म्या काही पाह्यलं नाही. तू म्हणशीन तं आत्ता पुसून टाकतो. कार्ड मोडून टाकू. डुप्लिकेट मालच व्हता, कोण इचारते?”

गोकुळचं बोट माऊसवर होतं. सुचिता त्या बोटाकडे पाहत होती.

“असली कार्ड हाये तुह्यापाशी?” गजेंद्रने विचारलं.

“हाये.”

“पक्कं?”

“माह्या सोताच्या मोबाइलमधलं काढून देतो.”

“त्याच्यात टाक हे.”

गोकुळने आपल्या मोबाइलमधलं कार्ड काढलं, रिकामं केलं, व्हिडिओ त्यात घेतला, दोनदा तपासून पाहिला आणि एका लहानशा प्लास्टिकच्या डबीत घालून समोर धरला. गजेंद्रने ती डबी घेतली नाही. त्याने सुचिताकडे मान हलवली. तिने डबी पदराच्या टोकात बांधली. जाताना गजेंद्रने फरशीवरचे स्पीकर उचलून टेबलावर ठेवले. एकाची जाळी फुटली होती. ती तो बोटाने दाबून बसवू लागला. बसली नाही, तेव्हा सोडून दिली.

मोटारसायकलवरून दोघं गावाकडे निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा निघून गेलेली वावरं मोकळी पडली होती. गावाची कमान आल्यावर आपल्या घराकडे वळायचं सोडून गजेंद्र सरळ पुढे गेला. तेव्हा सुचिताने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आधी वकिलापाशी जा ना. नाहीतं ठाण्यात.”

“जाईन. आधी इथी.”

नारायणरावांच्या अंगणाबाहेर त्याने गाडी लावली.

“मले मारतीन ते. मारू दे. मधात पडू नको.”

“आन हे?” तिने पदराची गाठ धरली.

“मंग दे. आधी मारू दे.”

नारायणराव कडुनिंबाखाली बाजेवर बसून दोर वळत होते. गजेंद्र फाटकातून आत आलेला पाहून ते उठले. पोरगा जेलमध्ये गेल्यापासून त्यांनी दाढी केली नव्हती. त्यांना वाटलं, हा आता आपल्याला संपवायला आला. बाजेला टेकवलेली काठी त्यांनी उचलली.

“तिथीच थांब! माहं पोरगं खाल्लं, आता मले खाशीन का?”

गजेंद्र थांबला नाही. हात मोकळे सोडून तो चालत अंगणाच्या मधोमध आला. पहिली काठी त्याच्या दंडावर बसली. दुसरी मानेच्या खाली. नारायणराव साठी ओलांडलेले, पण आयुष्यभर नांगर धरलेला माणूस. प्रत्येक काठी खांद्यातून येत होती. तिसरी गुडघ्यावर बसली तेव्हा गजेंद्र खाली आला.

“उचल ना हात! उचल!” नारायणराव ओरडले. “बायको संगं आणली दाखवाले? उचल हात, तुह्या...”

पाठीवर काठी बसत गेली. शर्ट फाटला. गजेंद्रने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले होते आणि तो मान खाली घालून मार घेत होता. एक काठी कानाजवळून गेली, कातडं सोलत. रक्त मातीत टिपकलं. दारातून मंजुश्री बाहेर आली, कडेवर लेकरू. ती ओरडली नाही. तिच्या चेहऱ्यावर कुठलीच दया नव्हती. लेकराचं तोंड तिने आपल्या खांद्याकडे वळवलं आणि पाहत उभी राहिली.

सुचिता फाटकाला धरून उभी होती. मधात पडू नको, असं त्याने सांगितलं होतं. तिने मनाशी काठ्या मोजायला सुरुवात केली आणि मग मोजणं सोडून दिलं. नारायणरावांनी काठी दोन्ही हातांत धरून डोक्यावर घेतली, तेव्हा ती चुलतसासऱ्यांकडे धावली.

“मामाजी! आधी पाहा! आधी हे पाहा, मंग मारा!”

तिने दाताने गाठ सोडली. डबी उघडताना कार्ड मातीत पडलं. ती गुडघ्यावर बसून ते शोधू लागली. नारायणराव काठी तशीच वर धरून धापा टाकत होते.

“काय हाये ते?”

“मेमरी कार्ड. त्या दिवसाचा व्हिडिओ हाये.”

हे शब्द ऐकून मंजुश्री ओट्यावरून खाली उतरली. तिने सुचिताच्या हातातून कार्ड घेतलं, फुंकून माती उडवली. लेकरू तिने बाजेवर ठेवलं, मोबाइलचं मागचं झाकण नखाने काढलं आणि कार्ड बसवलं. पहिल्याच खेपेला ते बरोबर बसलं. नारायणराव तिच्या खांद्यावरून वाकून पाहू लागले. काठी आता त्यांनी जमिनीला टेकवली होती.

अंगणात त्या सकाळचा आवाज भरून राहिला. शिव्या, बायांचं ओरडणं, काठीवर काठी. सुचिताचा स्वतःचा आवाज, कोणाला तरी ‘थांबा, थांबा’ म्हणणारा. मग एक बोदा आवाज आला, नारळ फुटल्यासारखा. नारायणरावांच्या घशातून काहीतरी निघालं.

मग मोबाइलमधल्या गलक्यातून एकच आवाज वर आला.

“गोपालनं मारलं रे मले! गोपालनं!”

बाजेवरचं लेकरू दचकून रडायला लागलं. कोणी त्याला उचललं नाही. मंजुश्रीने मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ नेला होता. आणि मग तो आवाज पुन्हा आला, आता खालच्या पट्टीत, मोबाइलमधल्या गलक्यातूनही स्पष्ट. घरी संध्याकाळी बैल बांधताना यायचा तसा.

“फेक ते हातातलं. गजा, फेक. कोणी पाह्यलं नाही.”

गजेंद्रने मातीतून मान वर केली.

नारायणराव बाजेच्या काठावर बसले. त्यांनी रडणाऱ्या नातवाला मांडीवर घेतलं, पण थोपटायचं त्यांना सुचलं नाही. ते गजेंद्रकडे पाहत होते, आणि गजेंद्र मोबाइलकडे.

“मंजू,” तो म्हणाला. त्याच्या तोंडात माती आणि रक्त होतं; शब्द नीट निघत नव्हते. “एकदा पुन्हा लाव. शेवटचं तेवढं. आवाज आयकू दे मले त्याचा.”

मंजुश्रीने मोबाइल बंद केला. कार्ड काढलं, सुचिताच्या हातातली डबी मागून घेतली, त्यात ते ठेवून झाकण दाबलं. सासऱ्यांच्या मांडीवरचं लेकरू कडेवर घेतलं आणि पायात चप्पल सरकवली.

“हे आता कोर्टात लागंल,” ती म्हणाली, आणि फाटकाकडे चालू लागली.